परदेशातील बालवाडीत इंग्रजी शिकवायला जाताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सांगली-साताऱ्याकडची पदवीधर मुले-मुली थायलंड, व्हिएतनाम अशा देशांत बालवाडी शिक्षकाची नोकरी मिळेल का, हे विचारायला माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा पगार, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांपुरतेच असतात. वर्गात शिरल्यावर पहिली पाच मिनिटे काय करायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. इंग्रजी येते, मुले लहान आहेत, एबीसीडीच तर शिकवायची, अशी समजूत असते. मीही याच समजुतीने सांगलीहून थायलंडला गेले आणि पहिले दोन महिने फजितीत काढले. गडबड होते ती क्रमात. आपण आधी अक्षरे शिकलो, मग स्पेलिंग, मग मराठी अर्थ, आणि बोलायला लागलो ते सर्वांत शेवटी, तेही लागलो असलो तर. तीन-चार वर्षांच्या मुलाला, त्यातही ज्याची आणि आपली एकही भाषा समान नाही अशा मुलाला, हा क्रम पूर्ण उलटा करून द्यावा लागतो: आधी कान, मग हातपाय, मग तोंड, आणि अक्षर शेवटी. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने मांडले आहेत. उदाहरणे मुख्यतः थायलंडची आहेत, कारण माझा अनुभव तिथला आहे.

टप्पा १: कागदपत्रे, पण योग्य क्रमाने

देश ठरवण्याआधी त्या देशाची नागरिकत्वाची अट पाहावी. दक्षिण कोरियातील खासगी संस्थांमध्ये परदेशी भाषाशिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठीच आहे. तिथल्या खासगी बालवाड्यांच्या जाहिराती पाहून सहा महिने अर्ज करत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. थायलंडमध्ये भारतीयांना वाट मोकळी आहे, मात्र इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडून पदवीबरोबर भाषेच्या परीक्षेचा निकाल मागितला जातो. टोइक ही अशीच एक इंग्रजीची परीक्षा ९९० गुणांची असते आणि त्यात ६०० किंवा अधिक गुणांची अट सर्रास आढळते. या गुणपत्रिकेची मुदत दोन वर्षे धरली जाते, म्हणून ती परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात शहाणपणा नाही.

त्यानंतर नाव जुळवावे. हे काम क्षुल्लक वाटते आणि सर्वांत जास्त अर्ज याच ठिकाणी अडकतात. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते; पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव अशी दोनच घरे असतात; आणि लग्नानंतर नाव बदललेले असेल तर पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा अशी स्थिती होते. राजपत्रातील नावबदलाची नोंद, विवाह नोंदणी दाखला किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काय चालेल, हे नोकरी देणाऱ्या शाळेकडून लेखी विचारून घ्यावे आणि मगच पुढे जावे.

नाव जुळल्यावर पदवी प्रमाणपत्र. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेकांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते. निकालानंतर मिळालेली गुणपत्रिका किंवा तात्पुरते प्रमाणपत्र पुरत नाही, दीक्षान्त समारंभानंतरचे मूळ पदवी प्रमाणपत्रच लागते. त्यावर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी साक्ष), असा क्रम आहे. भारत अपॉस्टिल करारात २००५ पासून आहे, पण आपण जाणार तो देशही त्या करारात असेल तरच अपॉस्टिल चालतो. नसेल तर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. चारित्र्य पडताळणीचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. तो सर्वांत शेवटी काढावा, कारण बहुतेक ठिकाणी काही महिन्यांपेक्षा जुना दाखला स्वीकारत नाहीत.

थायलंडचे शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होते आणि दुसरे सत्र नोव्हेंबरच्या सुमारास. मे महिन्यात रुजू व्हायचे असेल तर दिवाळीचा फराळ संपताच कागदपत्रांना हात घालावा.

सावधान: ‘आधी पर्यटक व्हिसावर या, पुढचे इथे आल्यावर करू’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. थायलंडमध्ये शिकवण्यासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात. खुरुसपा नावाच्या तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा परवान्याविना शिकवण्याची तात्पुरती परवानगीही शाळेमार्फत घ्यावी लागते. (खुरुसपा म्हणजे आपली ‘गुरुसभा’, शब्द ओळखीचा निघाला म्हणून मला उगाचच धीर आला होता.) मध्यस्थ घ्यायचाच असेल तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत भरती एजंटांच्या यादीत आहे का, ते पाहावे. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख रोख मागणाऱ्या माणसाशी वाद घालत बसण्यापेक्षा उठून यावे.

टप्पा २: आधी स्वतःची जीभ तपासा

लहान मूल अर्थापेक्षा आवाजाची नक्कल करते. आपण जसा उच्चार करू तसाच तो उचलला जातो, आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो. इथे इंग्रजांसारखे बोलण्याचा आव आणण्याची गरज नाही. तसा आव आणलेला फार वाईट वाटतो. मात्र मराठी माणसाच्या इंग्रजीत चार-पाच जागा अशा आहेत की तिथे शब्दच बदलतो, आणि त्या सुधारणे महिन्याभराच्या सरावात शक्य आहे.

पहिली जागा म्हणजे ‘पेन’. लिहायची लेखणी आणि दुखण्याची वेदना हे दोन वेगळे इंग्रजी शब्द आपण देवनागरीत एकसारखे लिहितो आणि बोलतोही एकसारखे. लेखणीतला स्वर आखूड आणि सपाट असतो, वेदनेतला लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे सरकतो. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचेही तसेच. दुसरी जागा म्हणजे ‘व’. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत आणि ‘विंडो’ म्हणताना ओठांचा चंबू झाला पाहिजे. आपण दोन्हीकडे मधलाच एक ‘व’ चालवून नेतो. तिसरी जागा शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’. इंग्रजीत त्याच्याबरोबर हवेचा झोत बाहेर येतो. तोंडासमोर वर्तमानपत्राची पट्टी धरून ‘पिग’ म्हणावे; पट्टी हलली नाही तर ऐकणाऱ्याला तो शब्द ‘बिग’ वाटू शकतो.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची, कारण पुढचे वाचन तिच्यावर उभे आहे. मराठीत प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो, म्हणून आपण इंग्रजी अक्षरांचे आवाजही ‘ब’, ‘ट’, ‘म’ असे म्हणतो. मग मूल ‘ब-ॲ-ट’ जोडायला जाते आणि त्याच्या तोंडून ‘बअॅटअ’सारखे काहीतरी निघते, त्यातून ‘बॅट’ कधीच तयार होत नाही. आवाज हलन्त म्हणण्याची सवय करावी: ब्, ट्, म्. ‘स्’ आणि ‘म्’ लांबवता येतात, ‘ब्’ आणि ‘ट्’ लांबवता येत नाहीत, ते ठिणगीसारखे तोडावे लागतात.

तपासणी: मोबाईलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. त्याच दिवशी ऐकल्यास आपल्याला आपले सगळेच बरोबर वाटते.

टप्पा ३: घरच्या घरी मुका सराव

परदेशी वर्गात मराठी नाही, आणि त्यांची भाषा आपल्याला नाही. म्हणून निघण्यापूर्वी किमान दहा-बारा सकाळी जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत ताईंच्या परवानगीने जाऊन, मराठीचा एकही शब्द न वापरता मुलांना उठवणे, बसवणे, रांगेत उभे करणे, वस्तू आणायला लावणे एवढेच करून पाहावे. मिरजेच्या किंवा कराडच्या मुलाला इंग्रजी येत नसेल तर तुमच्या सरावासाठी ते मूल थायलंडच्या मुलाइतकेच उपयोगी आहे.

ताईंना किंवा मैत्रिणीला तुमचे पाच मिनिटांचे चित्रीकरण करायला सांगावे. मग ते आवाज बंद करून घरातल्या कोणाला तरी दाखवावे आणि विचारावे, ‘मी मुलांना काय करायला सांगते आहे?’ त्यांना कळले नाही तर मुलांनाही कळणार नाही. माझ्या अशाच एका चित्रीकरणात आत्या म्हणाली, ‘तू मुलाला शाबासकी देतेस आणि मान मात्र नाही-नाही अशी हलवतेस.’ आपण ‘हो’ म्हणताना मान डावीकडे-उजवीकडे डोलावतो, आणि परक्या मुलाला तो नकार वाटतो. ‘हो’साठी मान वर-खाली, ही सवय मला आरशासमोर लावून घ्यावी लागली. तसेच कोणाला जवळ बोलावताना थायलंडमध्ये तळहात खाली ठेवून बोटे आत ओढतात. आपली तळहात वर करून ‘ये ये’ करण्याची पद्धत तिथे उद्धट वाटते.

साहित्याबाबत एकच सांगणे आहे: बाजारातला तयार तक्ता नेऊ नये. त्यावर ‘आय फॉर इंकपॉट’ आणि ‘एक्स फॉर एक्समस ट्री’ असते. शाईची दौत आता आपल्याकडच्या मुलानेही पाहिलेली नाही, आणि दुसऱ्या उदाहरणात तर अक्षराचा आवाजच सापडत नाही. त्याऐवजी एक हातमोज्याची बाहुली, एक मऊ चेंडू, रंगीत रुमाल आणि खऱ्या वस्तू ठेवायला एक कापडी पिशवी एवढे पुरते. कप, चमचा, टोपी, बूट जगात सगळीकडे मिळतात.

टप्पा ४: मुलाखतीतील नमुना पाठ

शाळा बहुधा दहा ते पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगते, समोर कधी मुले असतात, कधी नुसतेच शिक्षक. नवखा उमेदवार इथे रंग, फळे, प्राणी, आकडे असे सगळे कोंबतो. तीन शब्द, एक कृती, एक खेळ, बस. मोठी माणसे समोर असली तरी त्यांना उभे करून ‘जंप’ करायला लावावे. संकोचून त्यांना आपली शिकवण्याची पद्धत समजावून सांगू लागलात की पाठ संपला.

टप्पा ५: पहिला आठवडा, शिकवण्याची घाई नको

पहिल्या आठवड्यात मुलांना इंग्रजीपेक्षा तुमची ओळख व्हायची असते. काही रडतात, काही दाराला चिकटून राहतात. या आठवड्यात फक्त दिनक्रम बसवावा: आत येताना बूट काढणे, ठरलेल्या जागी बसणे, ठरलेल्या गाण्यावर उठणे आणि ठरलेल्या खुणेवर गप्प होणे. प्रत्येक कृतीला एकच इंग्रजी वाक्य ठरवावे आणि ते वर्षभर बदलू नये. सोमवारी ‘सिट डाऊन’, मंगळवारी ‘टेक युअर सीट्स’, बुधवारी ‘कॅन यू प्लीज सिट’ म्हटले तर मुलासाठी त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात.

वर्गात बहुधा स्थानिक शिक्षिका असतात. त्या तुमच्या मदतनीस आहेत असे समजून वागणे ही मोठी चूक आहे. वर्ग त्यांचा असतो आणि पालकांचा विश्वासही त्यांच्यावरच असतो. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक मुलाचे हाक मारायचे नाव, कोणाला कोणत्या खाण्याची ॲलर्जी आहे, आणि स्वच्छतागृहाला नेण्याची पद्धत. थायलंडमध्ये हजेरीपटावरचे नाव लांबलचक असते, पण घरीदारी मुलाला छोट्या टोपणनावानेच हाक मारतात, आणि पटावरचे नाव घेतले तर मूल ओ देत नाही.

त्यांच्या भाषेतील चार शब्द मात्र जाण्यापूर्वीच पाठ करावेत: पाणी, दुखते, आई आणि शू. थाई भाषेत पाण्याला ‘नाम’ म्हणतात, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी एक मुलगा माझा दुपट्टा ओढत ‘नाम, नाम’ म्हणत राहिला आणि मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून, छातीवर हात ठेवून, प्रेमाने त्याला माझे नाव सांगत राहिले. तो रडायला लागला तेव्हा स्थानिक शिक्षिकेने हसत हसत त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. दुखण्याला ‘चेप’, आईला ‘मॅ’ आणि शू लागली तर ‘छी’. या शेवटच्या शब्दावर मराठी माणसाने तोंड वाकडे करू नये, मूल गंभीरपणे सांगत असते.

तपासणी: शुक्रवारी तुमच्या खुणेवर वर्ग दहा सेकंदांत शांत होतो का? होत नसेल तर दुसरा आठवडाही दिनक्रमालाच द्यावा.

टप्पा ६: पंचवीस मिनिटांचा पाठ

आता मुख्य भाग. पाठ पंचवीस मिनिटांचा धरू आणि शब्द चारच घेऊ: कप, हॅट, बॅग, शू. चारपेक्षा जास्त नवे शब्द एका पाठात घेऊ नयेत, मुख्याध्यापकांनी आग्रह केला तरी.

पहिली तीन मिनिटे रोजचेच स्वागतगीत आणि बाहुलीचा नमस्कार. पुढची चार मिनिटे कालच्या शब्दांची उजळणी, तीही खेळातून.

मग पिशवी काढावी. पिशवीत हात घालून चेहरा आश्चर्याचा करावा, वस्तू अर्धी बाहेर काढावी, परत आत ढकलावी, आणि मुले पुढे सरकली की पूर्ण काढून एकदाच, हळू, स्पष्ट म्हणावे: ‘अ कप.’ थांबावे. पुन्हा म्हणावे. कपाने पाणी प्यायल्यासारखे करावे, एका मुलाच्या हाती द्यावा, त्याने पुढच्याला द्यावा. या पाच-सहा मिनिटांत मुलांना काहीही म्हणायला लावू नये. आपल्या शाळांतले ‘रिपीट आफ्टर मी’ इथे मोडून काढायचे आहे, कारण एकसुरात ओरडणाऱ्या वीस मुलांपैकी किती जणांना अर्थ कळला, ते त्या ओरडण्यातून कळत नाही.

त्यानंतरची सात-आठ मिनिटे हातापायांची. ‘टच द कप.’ ‘पुट द हॅट ऑन युअर हेड.’ ‘गिव्ह मी द बॅग.’ आधी स्वतः करून दाखवावे, मग मुलांबरोबर करावे, मग आपण हात मागे बांधून नुसते बोलावे. हुकूम ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याच्या या पद्धतीची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात केली, आणि बालवाडीत तिच्याइतकी भरवशाची दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. मुलाने टोपी डोक्यावर घातली म्हणजे त्याला ‘हॅट’ कळले, मग ते बोलो वा न बोलो.

प्रश्नांना शेवटी यावे, आणि प्रश्नांचीही उतरंड पाळावी. आधी ‘शो मी द शू’, ज्याचे उत्तर बोटाने देता येते. काही दिवसांनी ‘इज इट अ कप?’, ज्याला मान हलवून उत्तर देता येते. मग ‘इज इट अ कप ऑर अ हॅट?’, ज्यात उत्तराचा शब्द आपणच पुरवलेला असतो. ‘व्हॉट इज धिस?’ हा त्यातला सर्वांत कठीण प्रश्न, आणि नवे शिक्षक पहिल्या दिवशी नेमका तोच विचारतात. उरलेल्या वेळात एखादी छोटी चित्रकथा आणि रोजचे निरोपाचे गाणे.

सावधान: मुलाने ‘हॅ’ एवढेच म्हटले तरी ‘नो, नो’ म्हणू नये, हसून ‘येस, अ हॅट’ असे पूर्ण म्हणून दाखवावे. थाई आणि व्हिएतनामी मुले शब्दाच्या शेवटचे व्यंजन गिळतात, कारण त्यांच्या भाषांत शब्द मोजक्याच व्यंजनांवर संपतात आणि तीही दाबून, न सोडता उच्चारली जातात. तो आळस नव्हे. जपानी मुले उलट शेवटी स्वर जोडतात. हे आधी माहीत असले की चिडचिड निम्मी होते.

टप्पा ७: गप्प मुलाचे काय करावे

नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने, अजिबात बोलत नाही. ते या काळात ऐकून साठवत असते. त्याला सर्वांसमोर उभे करून ‘से इट’ म्हणणे हा जुलूम आहे आणि त्याने मौन लांबतेच. अशा मुलाला बोलण्याऐवजी काम द्यावे: पिशवी धरणे, चित्रे वाटणे, दिवा लावणे. माझ्या वर्गातील तीन वर्षांची एक मुलगी नऊ आठवडे एक शब्द बोलली नाही. ती रोज फक्त बुटांच्या फळीजवळ उभी राहून माझे पाहत असे. दहाव्या आठवड्यात एक नवा मुलगा बूट घालूनच आत आला, तेव्हा तिने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला अडवले आणि माझ्याच चढउतारात म्हणाली, ‘शूज ऑफ, प्लीज.’ ‘प्लीज’ लांबवण्याची माझी सांगलीची लकबही तिने जशीच्या तशी उचलली होती.

टप्पा ८: अक्षरे, तीही नावाआधी आवाजाने

साधारण दुसऱ्या सत्रात, पाच वर्षांच्या गटात, अक्षरांना हात घालावा. एपासून झेडपर्यंत ओळीने जाऊ नये. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे आधी घेतली तर त्यांतून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’, ‘टिन’ असे कितीतरी शब्द लगेच जोडता येतात. ए, बी, सी, डी या चार अक्षरांतून फारसे काही हाती लागत नाही. अक्षराचे नाव नंतर, आवाज आधी. मोठ्या लिपीपेक्षा लहान लिपी आधी, कारण पुस्तकात मुलाला तीच दिसते. लिहिण्याआधी वाळूत, रव्यात किंवा हवेत बोटाने गिरवून घ्यावे. गोल अक्षर घड्याळाच्या उलट दिशेने सुरू होते, हे स्वतःच्या हाताला आधी शिकवावे. फळ्यावर आपण कोणत्या बाजूने वळतो, हे मुले बारकाईने पाहतात.

काही हमखास चुका, थोडक्यात

मुलांची छायाचित्रे स्वतःच्या खात्यावर टाकणे: शाळेच्या आणि पालकांच्या लेखी परवानगीविना एकही टाकू नये. सकाळी आठला थायलंडच्या शाळांत राष्ट्रगीत होते, तेव्हा हातातले काम थांबवून स्तब्ध उभे राहावे. जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातला लाडू प्रेमाने मुलाच्या तोंडात घालू नये. शेंगदाणा काही मुलांना जीवघेणा ठरतो. आवाज चढवून वर्ग आवरू नये, कुजबुजावे. मुले ऐकण्यासाठी आपोआप गप्प होतात. आणि घरून निघताना दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा, कारण पहिला पगार महिना भरल्यावर येतो आणि घरमालक अनामत रक्कम पहिल्या दिवशी मागतो.

आठव्या आठवड्याची तपासणी

आठ आठवडे झाले की प्रत्येक मुलासाठी वहीत एक ओळ लिहावी: न दाखवता, नुसत्या शब्दांनी सांगितलेल्या किती सूचना ते पाळते. पाच सूचना पाळणारे मूल योग्य मार्गावर आहे, एक शब्दही बोलत नसले तरी. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले तुमच्या हाताकडे पाहिल्याशिवाय हलत नसतील, तर नवे शब्द थांबवून सहाव्या टप्प्यातील हातापायांच्या भागाकडे परत जावे आणि आपले हात मागे बांधून पुन्हा सुरुवात करावी.